वेगळें होण्याचा हक्क

एकत्र कुटुंबांतील वांटणी ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयास नको. वांटणीचा कागद होण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकास असें वाटत असतें कीं, आपला वांटा हातीं आला म्हणजे आपण सुटलों. आणि कागद होऊन महिना लोटतो न लोटतो तोंच त्याच माणसास दिसून येतें कीं, मध्यें भिंत घातली तरी माथ्यावरचें आढें एकच आहे, परसांतील विहीर एकच आहे, आणि पलीकडच्या खोलींत रात्रीं खोकणारी म्हातारी आईहि एकच आहे. यावरून वांटणी करूंच नये, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. नित्याच्या कुरबुरींत कुढत एकत्र राहण्यापेक्षां वेळींच वेगळें होऊन गोडीनें नांदणें पुष्कळदां श्रेयस्कर असतें. परंतु वेगळें होण्याचा हक्क असणें ही एक गोष्ट, तो हक्क कोणत्या रीतीनें बजावावा ही दुसरी, आणि तो बजावल्यानें पूर्वीच्या सहवासाचें ऋण फिटतें कीं काय ही तिसरी. या तीन प्रश्नांची गल्लत केल्यामुळें घरांत जसे तंटे माजतात तसेच ते राष्ट्राराष्ट्रांतहि माजतात. आणि तेथें त्यांची झळ कोट्यवधि लोकांस लागते.

ग्रेट ब्रिटननें युरोपीय संघाचा जो त्याग केला, त्याच्यासारखें या प्रश्नांच्या विचारास योग्य असें दुसरें उदाहरण अलीकडच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. १९५७ सालीं रोम येथें झालेल्या तहानें पश्चिम युरोपांतील सहा राष्ट्रांनीं जो आर्थिक समाज स्थापन केला, त्यांत ब्रिटन आरंभीं नव्हतें. पुढें त्यास आंत यावेंसें वाटलें, तेव्हां १९६३ व १९६७ अशा दोन वेळां फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं आडकाठी केली. अखेरीस १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क यांस एकदमच प्रवेश मिळाला. ब्रिटनमध्यें हा प्रवेश लोकांचा कौल घेऊन झाला नव्हता. तो कौल मागाहून, १९७५ च्या जूनमध्यें घेण्यांत आला, आणि शेंकडा ६७ मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं. १९९२ मध्यें मास्ट्रिख्ट येथें तहावर सह्या होऊन त्या व्यापारी समाजास राजकीय संघाचें रूप आलें, आणि तेव्हांपासून ब्रिटनच्या मनांतील अढी वाढत गेली. २३ जून २०१६ रोजीं पुन्हां कौल घेण्यांत आला. १ कोटी ७४ लाख लोकांनीं बाहेर पडण्याच्या बाजूनें व १ कोटी ६१ लाखांनीं राहण्याच्या बाजूनें मत दिलें. म्हणजे शेंकडा ५१.९ विरुद्ध ४८.१ असा निकाल झाला. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघाबाहेर पडलें, आणि त्या सालच्या अखेरीस सामाईक बाजारपेठ व जकातसंघ यांच्याशींहि त्याचा संबंध तुटला. सत्तेचाळीस वर्षांचा संसार असा संपला.

आतां पहिला प्रश्न हक्काचा. त्याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संदेह नाहीं. ज्या संघाचें दार आंतून उघडत नाहीं तो संघ नव्हे, कोंडवाडा होय. अमेरिकेंतील दक्षिणेकडील संस्थानें १८६०-६१ मध्यें संघांतून फुटूं लागलीं, तेव्हां चार वर्षें यादवी माजून सहा लाखांवर माणसें प्राणांस मुकलीं. त्या फुटीच्या मुळाशीं गुलामगिरी टिकविण्याचा हेतु होता, म्हणून तो पक्ष हरला हें बरेंच झालें. तथापि जाण्याचा मार्ग कायद्यांत नसला म्हणजे वाद किती भयंकर थरास जाऊं शकतो, हें त्यावरून दिसतें. युरोपीय संघाच्या घटनाकारांनीं लिस्बनच्या तहांत पन्नासावें कलम घालून जाणाऱ्यास वाट मोकळी ठेविली. तो तह २००९ च्या डिसेंबरांत अंमलांत आला, आणि आठ वर्षें होण्यापूर्वींच, २०१७ च्या मार्चमध्यें, ब्रिटननें त्या कलमान्वयें नोटीस दिली. एका मोठ्या राष्ट्रानें कागदावर सही करून, एकहि गोळी न झाडतां, अशा संघांतून निघून जावें, ही गोष्ट मानवी सुधारणेच्या इतिहासांत लहान नव्हे. निघून जाणाऱ्यांचा धिक्कार करणाऱ्यांनीं निदान एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

शिवाय, बाहेर पडूं इच्छिणाऱ्यांचा जो मुख्य मुद्दा होता तो उपहासानें उडवून लावण्यासारखा नव्हता. आमचे कायदे आम्हीं निवडलेल्या माणसांनीं करावे, व ते आम्हांस न रुचल्यास त्या माणसांस आम्हांला काढून टाकतां यावें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पेशवाई बुडाल्यापासून सव्वाशें वर्षांहून अधिक काळ परक्यांच्या कायद्यांखालीं नांदलेल्या महाराष्ट्रानें या म्हणण्यास हंसणें शोभणार नाहीं. संघाच्या धुरीणांचेंहि वर्तन कित्येकदां असें होतें कीं, त्या म्हणण्यास बळकटी यावी. डेन्मार्कनें १९९२ त मास्ट्रिख्टचा तह नाकारला, तर दुसऱ्या वर्षीं कांहीं सवलती देऊन त्यास पुन्हां विचारण्यांत आलें. आयर्लंडनें २००१ त एक व २००८ त दुसरा तह नाकारला, तेव्हां त्यासहि दोन्ही वेळां पुन्हां विचारलें. २००५ त फ्रान्स व नेदरलंड्स येथील लोकांनीं संघाची नवी राज्यघटना झिडकारली, तर तिच्यांतील बहुतेक तरतुदी लिस्बनच्या तहाच्या रूपानें परत आल्या. घरांतील वडील माणूस धाकट्यांस विचारतो खरें, पण मनासारखें उत्तर येईपर्यंत विचारतच राहतो, असें झालें म्हणजे धाकट्यांनीं वेगळी चूल मांडण्याची गोष्ट काढली तर नवल काय?

तरी पण येथें एक भेद केला पाहिजे. पारतंत्र्य वेगळें आणि भागीदारी वेगळी. हिंदुस्थानासाठीं कायदे होत होते ते लंडनमध्यें, आणि त्यांत आमच्या लोकांच्या मताची किंमत शून्य होती. ब्रिटनचें युरोपांत तसें नव्हतें. त्याचे मंत्री संघाच्या मंत्रिमंडळांत बसत, त्याचे प्रतिनिधि १९७९ पासून लोकांच्या मतानें तेथील पार्लमेंटांत निवडून जात, आणि ज्या सामाईक बाजारपेठेच्या नियमांचा पुढें एवढा जाच वाटूं लागला, त्या बाजारपेठेचा १९८५ चा आराखडा लॉर्ड कॉकफील्ड या ब्रिटिश गृहस्थाच्याच देखरेखीखालीं तयार झाला होता. भागीदारीस गुलामगिरी म्हणणें म्हणजे खऱ्या गुलामगिरींत जे पिचले त्यांच्या दुःखाचें मोल कमी करणें होय. भागीदारी सोडण्यास दुसरीं पुष्कळ न्याय्य कारणें असूं शकतात. त्यासाठीं खोटें नांव धारण करण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरा प्रश्न रीतीचा. आणि खरी अडचण येथें आहे. मतदारांपुढें जी पत्रिका ठेविली तिच्यावर संघांत राहावें कीं संघ सोडावा, एवढेच दोन पर्याय होते. राहणें म्हणजे काय हें सर्वांस ठाऊक होतें, कारण तें चालूच होतें. परंतु सोडणें म्हणजे काय? नॉर्वेप्रमाणें संघाबाहेर असून बाजारपेठेंत राहणें, कीं कानडाप्रमाणें दुरून व्यापारी करार करणें, कीं कोणताहि करार न करतां उठून चालतें होणें? या तीन मार्गांत आकाशपाताळाचें अंतर आहे; पण तिन्ही मार्गांच्या लोकांनीं आपापलें मत एकाच रकान्यांत टाकलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १५ जानेवारी २०१९ रोजीं मुख्य प्रधान थेरेसा मे यांचा करार पार्लमेंटनें ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेंटाळला. आणि त्याच वर्षाच्या मार्चमध्यें निरनिराळे आठ पर्याय सभागृहापुढें मांडले असतां एकालाहि बहुमत मिळालें नाहीं. लोकांनीं आज्ञा दिली खरी, पण कशाची दिली हें आज्ञा पाळणाऱ्यांस कळेना. कोऱ्या कागदावर सही घेऊन मग त्यावर मजकूर लिहूं लागणाऱ्या सावकारास आपण काय म्हणतों?

यावर एक आक्षेप येईल व तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, "१९७५ सालचा कौलहि साध्या बहुमताचाच होता, १९७३ चा प्रवेश तर कौलावांचूनच झाला. येतांना अर्ध्याहून एक अधिक मत पुरे, आणि जातांना मात्र दोनतृतीयांश पाहिजे, हा कोणता न्याय?" आम्हांस हा आक्षेप मान्य आहे. निकाल विरुद्ध गेल्यावर मतांचें प्रमाण वाढवून मागणें हें हरलेल्या पक्षास शोभत नाहीं. परंतु आमचा कटाक्ष मतांच्या संख्येवर नाहींच, तो प्रश्नाच्या मोघमपणावर आहे. बहुमतास राज्य करण्याचा अधिकार आहे. तथापि बहुमत ज्या गोष्टीवर पडावयाचें ती गोष्ट निश्चित असली पाहिजे. शेंकडा नव्वद मतें पडलीं तरी मोघम प्रश्नाचें उत्तर मोघमच राहील, आणि मग तें पुरें करण्याचें काम लोकांच्या हातून निसटून मूठभर पुढाऱ्यांच्या हातीं जाईल. ज्या स्वराज्याच्या नांवानें हा सारा खटाटोप झाला, त्याचाच यामुळें संकोच झाला.

रीतीचा विचार करतांना सत्यासत्याचाहि विचार केला पाहिजे. बाहेर पडण्याच्या पक्षानें एका तांबड्या बसगाडीवर दर आठवड्यास ३५ कोटी पौंड संघाकडे जातात असें मोठ्या अक्षरांत लिहून ती गांवोगांव फिरविली. त्या रकमेंतून १९८४ पासून ब्रिटनला मिळत आलेली सूट वजा केलेली नव्हती. म्हणजे जो पैसा कधीं घराबाहेर गेलाच नाहीं, तोहि गेलेल्यांत धरला होता. उलट पक्षीं, राहण्याच्या बाजूचे सरकारी खजिन्याचे अधिकारी असें भाकित करीत होते कीं, नुसता कौल विरुद्ध गेला तरी तात्काळ मंदी येईल. ती तशी आली नाहीं. एकानें लोभ दाखविला, दुसऱ्यानें भीति दाखविली. लोकांच्या विवेकास हांक मारणारा आवाज या दोहोंच्या गलबल्यांत फारसा ऐकूंच आला नाहीं.

आर्थिक नुकसानाचें म्हणाल तर तें एका रात्रींत कोसळलेल्या घरासारखें दिसलें नाहीं. वाळवी लागलेल्या तुळईसारखें तें हळूहळू दिसूं लागलें. सरकारी हिशेबांचीं स्वतंत्रपणें भाकितें करणारी जी अर्थसंकल्पविषयक कचेरी ब्रिटनमध्यें आहे तिचा अंदाज असा कीं, संघांत राहिल्यास देशाची जी उत्पादकता झाली असती, तिच्यापेक्षां ती दीर्घ मुदतींत शेंकडा चारांनीं कमी राहील, आणि आयात-निर्यात शेंकडा पंधरांनीं कमी होईल. २०२१ सालापासून युरोपाशीं होणाऱ्या व्यापारांत मालावर जकात नसली, तरी दाखले, तपासण्या व कागदपत्रें यांचा भार आला. मोठ्या कारखानदारानें त्यासाठीं चार कारकून अधिक ठेविले. पण वर्षांतून दहा पेट्या पलीकडे पाठविणाऱ्या लहान दुकानदारानें तो व्यापारच सोडला. परदेशस्थांची आवक कमी व्हावी, ही ज्यांची मुख्य इच्छा होती त्यांचीहि निराशाच झाली: युरोपांतून येणारे घटले, परंतु बाहेरच्या देशांतून, विशेषतः हिंदुस्थान, नायजेरिया वगैरे देशांतून येणारे इतके वाढले कीं, २०२३ च्या सुमारास येणाऱ्या-जाणाऱ्यांची वजाबाकी वर्षास नऊ लाखांवर गेली. पुढें ती उतरली, पण तोंवर विश्वास उडावयाचा तो उडालाच.

येथें कोणी म्हणेल कीं, पैशाच्या तराजूनें स्वाभिमान तोलूं नये. आम्हीहि तेंच म्हणतों. स्वातंत्र्यासाठीं शेंकडा चार सोडाच, शेंकडा चाळीस सोसणारीं राष्ट्रें झालीं आहेत, आणि इतिहासानें त्यांस मूर्ख म्हटलेलें नाहीं. पण यांत एक अट आहे. १९०५ सालीं वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ सुरू झाली व पुण्यांत परदेशी कापडाची होळी पेटली, तेव्हां पुढाऱ्यांनीं लोकांस काय सांगितलें? देशी कापड स्वस्त पडेल व तलम मिळेल असें सांगितलें काय? उलट, तें महाग पडेल, जाडेंभरडें असेल, तरी घ्या, असेंच सांगितलें. आणि लोकांनीं किंमत जाणून तें घेतलें. म्हणूनच त्या जाड्याभरड्या कापडास एक तेज चढलें. त्याग तोच, जो त्याग करणाऱ्यास ठाऊक असतो. बाहेर पडा, म्हणजे इस्पितळांस पैसा मिळेल, मासे मिळतील, व्यापार वाढेल आणि स्वाभिमानहि मिळेल, असें सांगून ज्याच्याकडून त्याग करविला, त्यानें त्याग केला नाहीं. त्याला फसविण्यांत आलें. मासे मिळतील म्हणून ज्या कोळ्यांनीं मोठ्या आशेनें मत दिलें, त्यांच्या समुद्रांत शिरण्याची मुभा २०२५ च्या मे महिन्यांतील करारानें युरोपच्या होड्यांस आणखी बारा वर्षें, म्हणजे २०३८ पर्यंत, मिळाली. ती देण्यांत सरकारचा कांहीं हिशेब असेल. पण त्या कोळ्यांस २०१६ सालीं हा हिशेब कोणीं सांगितला होता?

आतां तिसरा प्रश्न: ऋणाचा. जो निघून जातो त्याचें मागें राहणाऱ्यांशीं कांहीं देणें लागतें कीं नाहीं? पैशाचें देणें लागतें हें ब्रिटननेंहि मान्य केलें, आणि पूर्वीं कबूल केलेल्या रकमा चुकविण्याचें पत्करलें. पण जीं देणीं आंकड्यांत मांडतां येत नाहींत त्यांचें काय? १९७३ नंतर जन्मलेल्या दोन पिढ्या, युरोप हें आपलें अंगण आहे या समजुतीनें वाढल्या. कोणी फ्रान्सांत शिकला, कोणी स्पेनांत स्थायिक झाला, कोणाचें लग्न जर्मनींत झालें. पंधरा वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या ब्रिटिशांस मत नव्हतें; ब्रिटनमध्यें घर करून राहिलेल्या बहुतेक युरोपीयांस मत नव्हतें; आणि स्कॉटलंडच्या २०१४ च्या कौलांत सोळा वर्षांच्या मुलांस जें मत होतें, तें २०१६ मध्यें त्यांस नव्हतें. ज्यांचें आयुष्य या निकालानें सर्वांत अधिक बदलावयाचें, त्यांचाच आवाज मोजणींत सर्वांत कमी, असा हा प्रकार झाला.

यांतील एक उदाहरण तर आमच्या अगदीं शेजारचें आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा पोर्तुगीजांच्या सत्तेंतून मुक्त झाला. त्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगालच्या नागरिकत्वावर हक्क सांगतां येतो. आणि पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समाजांत असल्यामुळें, तो परवाना हातीं आलेल्या गोंयकारास ब्रिटनमध्यें जाऊन राहण्याची व काम करण्याची मोकळीक मिळे. अशा रीतीनें हजारों गोंयकार इंग्लंडांत गेले. स्विंडन या गांवांत तर त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांतील पुष्कळ जण वखारींत व कारखान्यांत राबतात. आतां विधिघटनेची गंमत पहा. ब्रिटनमध्यें राहणाऱ्या हिंदी नागरिकास, तो राष्ट्रकुलांतील म्हणून, २०१६ च्या कौलांत मत देण्याचा अधिकार होता. परंतु ज्या गोंयकारानें हिंदी नागरिकत्व सोडून पोर्तुगालचें घेतलें, त्यास तो नव्हता. म्हणजे ज्याच्या राहण्याच्या हक्कास या कौलानें धक्का बसावयाचा नव्हता त्यास विचारलें, आणि ज्याच्या हक्काचा आधारच निघून जावयाचा होता त्यास विचारलें नाहीं. २०२० अखेर जे तेथें पोंचले होते त्यांस ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवितां आला, हें सांगितलें पाहिजे. त्यांस कोणी हांकलून दिलें नाहीं. परंतु जें काल हक्कानें होतें त्यासाठीं आज अर्ज करावा लागणें, यांतील बोच ज्यास लागली त्यासच ठाऊक. आणि मागें राहिलेल्या धाकट्या भावास ती वाट कायमची बंद झाली.

शेजाऱ्याचें ऋण तर याहून अवघड. आयर्लंड बेटाच्या दोन भागांमधील सीमा सुमारें पांचशें किलोमीटर लांब असून तिच्यावरून जाणाऱ्या वाटा दोनशेंहून अधिक आहेत. तीस वर्षें तेथें रक्त सांडलें. १० एप्रिल १९९८ च्या करारानें तें थांबलें, आणि हळूहळू त्या सीमेवरील चौक्या नाहींशा झाल्या. दोन्ही देश एकाच बाजारपेठेंत असल्यामुळें मालाची तपासणी करण्याचेंहि कारण उरलें नव्हतें. ब्रिटननें बाजारपेठ सोडली, त्या क्षणीं ही तपासणी कोठें तरी करणें प्राप्त झालें. जमिनीवर करावी तर शांतता धोक्यांत. न करावी तर बाजारपेठेस भगदाड. अखेरीस ती समुद्रावर नेण्यांत आली, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागांतून दुसऱ्या भागांत जाणाऱ्या मालावर. २०२३ सालच्या विंडसर येथील तडजोडीनें तिचा जाच कांहींसा कमी झाला, पण ती रेघ पुसली गेली नाहीं. एक संघ पुरता सोडण्यासाठीं ब्रिटनला आपल्याच संघाची एक गांठ सैल करावी लागली. उत्तर आयर्लंडनें शेंकडा ५५.८ मतांनीं व स्कॉटलंडनें ६२ मतांनीं राहण्याचा कौल दिला होता, हें येथें आठवल्यावांचून राहवत नाहीं. लहान वांटेकरी मोठ्या वांटेकऱ्यास म्हणूं शकतो: "तुम्ही ज्या तत्त्वानें युरोपांतून निघालां, तेंच तत्त्व मला कां लागू नसावें?" या प्रश्नास उत्तर देणें सोपें नाहीं, आणि 'आमचें बहुमत' हें तर त्याचें उत्तर मुळींच नव्हे.

याउलट एक लहानसें उदाहरण पहा. डेन्मार्कचा अंमल असलेल्या ग्रीनलंडनें १९७२ सालच्या कौलांत युरोपीय समाजांत जाण्यास मोठ्या बहुमतानें विरोध केला होता. तरी डेन्मार्कबरोबर तेंहि ओढलें गेलें. १९७९ त गृहराज्य मिळाल्यावर त्यानें १९८२ मध्यें स्वतंत्र कौल घेतला, मासेमारीच्या हक्कांविषयीं वाटाघाटी केल्या, आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजीं तें समाजांतून बाहेर पडलें. तेथेंहि बहुमत शेंकडा ५३ च्या आसपासच होतें. मग त्याच्या जाण्यांत आम्हांस तितका दोष कां दिसत नाहीं? एक तर तें स्वखुषीनें आलेंच नव्हतें. दुसरें, आपणांस काय पाहिजे हें त्यास नेमकें ठाऊक होतें. आणि तिसरें, त्याच्या जाण्यानें दुसऱ्या कोणाच्या दारापुढें भिंत उभी राहिली नाहीं. यावरून असें दिसतें कीं, जाणें स्वतः पुण्य नाहीं व पापहि नाहीं. सहवास किती खोल होता, कोणाकोणाचीं मुळें त्यांत गुंतलीं होतीं, आणि जाणाऱ्यानें तीं मुळें उपटलीं कीं सोडवून घेतलीं, यावर त्याचा बरेवाईटपणा अवलंबून आहे.

मिल्लसाहेबांच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा आमच्या आगरकरादि सुधारकांवर जो परिणाम झाला तो सुप्रसिद्ध आहे. दुसऱ्यास अपाय होत नाहीं तोंवर प्रत्येकास आपल्या मताप्रमाणें वागण्याची मुभा असावी, हें त्यांतील सार आपल्याकडे सर्वमान्य झालें आहे. व्यक्तीस लावलेला हा दंडक राष्ट्रास लावूं गेलें असतां मोठी पंचाईत पडते. कारण राष्ट्र म्हणजे एक व्यक्ति नव्हे. त्याच्या पोटांत हरलेले १ कोटी ६१ लाख लोक असतात, न विचारलेलीं मुलें असतात, आणि त्याच्या भिंतीस भिंत लावून शेजारी राहत असतो. राष्ट्राचें असें कोणतेंहि मोठें कृत्य नाहीं कीं ज्यानें दुसऱ्यास मुळींच अपाय होत नाहीं. म्हणून तें कृत्य करूंच नये, असा याचा अर्थ नाहीं. अपाय कोणास व किती होणार हें अगोदर मोजावें, तें उघड सांगावें, आणि होईल तितकें भरून द्यावें, एवढाच त्याचा अर्थ. हक्क बजावणारा जर हिशेब देण्यास तयार नसेल, तर त्याचा हक्क खोटा ठरत नाहीं. पण त्याची प्रतिष्ठा मात्र उणावते.

ब्रिटन निघून गेलें खरें, पण डोव्हरपासून कॅलेपर्यंतचा समुद्र जेथें अगदीं अरुंद आहे तेथें तो सुमारें तेहतीस किलोमीटरच राहिला. करारानें तो एक हातहि रुंद झाला नाहीं. २०२४ च्या आरंभीं संघाच्या शास्त्रीय संशोधनाच्या योजनेंत ब्रिटन पुन्हां सामील झालें; २०२५ मध्यें संरक्षण, मासेमारी, अन्नधान्याचा व्यापार यांविषयीं पुन्हां बैठकी बसल्या. हें पाहून कोणी टाळ्या पिटून म्हणतात, "पहा, पस्तावले!" आम्हांस तसें म्हणवत नाहीं. वेगळे झालेले भाऊ पाण्याच्या पाळ्या ठरविण्यासाठीं विहिरीवर एकत्र बसले, तर त्यांत कोणाची नाचक्की नसते. वांटणीचा कागद खरा असतो, आणि विहीरहि खरी असते. पहिल्या दिवशींच जर कोणी दोघांस सांगितलें असतें कीं, भिंत घाला, पण विहिरीचें काय करणार तें आधीं बोला, तर मधल्या वर्षांतील पुष्कळ कडूपणा वांचला असता. तें सांगणारें माणूस घरांत असावें लागतें. आणि असलें तर त्याचें ऐकून घेण्याइतका धीर वांटणी मागणाऱ्यानें धरावा लागतो. वेगळें होण्याच्या हक्काबरोबर हें एवढें कर्तव्य येतें, असें आम्हांस वाटतें.